जिभेवरचा उजेड

लुनेनबर्ग, ३ मार्च २०१९

चि. मेरिल यास,
अ. आ. वि. वि.

तुझ्या आईकडून, लेटाकडून, कळलंच असेल. माझ्या जिभेच्या डाव्या कडेला गाठ निघाली. हॅलिफॅक्सच्या सर्जनने २९ एप्रिलची तारीख दिली आहे. जिभेचा तिसरा हिस्सा काढावा लागेल, म्हणाला. जीव वाचेल, जेवता येईल, बोलणं मात्र बोबडं होईल. मी विचारलं, आणि कविता? तो नुसता हसला. एकेचाळीस वर्षं मी या गावातल्या कोळ्यांच्या पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या. बोबड्या तोंडाने आता मी त्या कुणाला ऐकवू?

लेटा सांगत होती, तू टोरांटोत कसलेसे कण बनवतोस. ते गाठ शोधतातही आणि चाकूशिवाय जाळतातही. यंदा पहिल्यांदाच माणसांवर करून बघणार आहेत म्हणे. मग मामाला पहिल्या बाकावर बसव की! गणितात तू बरा होतास, कवितेत मात्र दगड. दीपगृहाच्या कवितेचं चौथं कडवं आठवतं का? पाठ होईना म्हणून तीन दिवस खिडकीपाशी उभा होतास. मागे निळंशार बंदर आणि पुढे रडवेला तू. अजून ते चित्र आठवलं की मन त्या वर्गात जाऊन बसतं.

आंबवलेल्या कोबीची एक बरणी तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. मामाच्या चेष्टेवर रागावू नये, एवढंच मागणं.
तुझा,
ऑल्डनमामा

टोरांटो, १२ मार्च २०१९

ती. मामांस,
मेरिलचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ऐकलंत ते खरं आहे. एका केसाच्या जाडीत हजारभर बसतील एवढे हे गोळे. शिरेतून सोडले की गाठीत जाऊन साचतात. मंद प्रकाश टाकला की चमकतात, म्हणजे गाठ दिसते. तोच प्रकाश जोरात टाकला की तापतात आणि गाठ जळते.

रुग्ण मी निवडत नाही. नावं येतील त्या क्रमाने डॉक्टर घेतात. सध्या चौथी जागा रिकामी आहे. जूनमध्ये पुढचा गट सुरू होईल. थांबायचं असेल तर थांबावं. सोबत अकरा पानांचा कागद आहे, मसुदा माझाच. सगळं त्यात लिहिलंय. वाचून मग सही करावी, हे तुम्हाला मी काय सांगणार?

तुम्हीच लावलेल्या शिस्तीतला,
मेरिल

लुनेनबर्ग, २० एप्रिल २०१९

चि. मेरिल यास,
अ. आ. वि. वि.

जून कसला? मास्तर कधी मागच्या बाकावर बसतो का? चौथी जागा घेतली आणि तुमच्या टोरांटोला जाऊन आलो. तू तळघरातल्या प्रयोगशाळेत होतास, भेटायला सवड झाली नाही, असं नर्स म्हणाली. असू दे. ती भली पोर मला अकरा पानं वाचून दाखवायला बसली होती. मी म्हटलं, बाई, लिहिणाऱ्याच्या वह्या मी सात वर्षं तपासल्यात, आता पुन्हा कशाला? आणि ऐटीत सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी तोंडात नळी घालून प्रकाश टाकला. पडद्यावर माझी जीभ! काळोख्या पाण्यात एखादी होडी कंदील लावून उभी असावी, तशी ती गाठ चमकत होती. मी तिथेच दीपगृहाची कविता सुरू केली. नर्स म्हणाली, आजोबा, जीभ हलवू नका. तोंडात गरम गरम वाटत होतं. जळत असणार.

घरी येताच हॅलिफॅक्सला फोन करून २९ तारीख रद्द केली. तिथली बाई दोनदा म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, माझ्या भाच्याने बरं केलंय. ठीक केलं ना रे मी? एक ओळ लिही, म्हणजे लेटाची भुणभुण थांबेल.

कौतुकाने ऊर भरलेला,
ऑल्डनमामा

टोरांटो, ६ मे २०१९

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या जिभेचं चित्र सहाही जणांत सगळ्यात स्वच्छ आलंय. मॉन्ट्रियलच्या परिषदेत ते भिंतभर मोठं करून दाखवलं. खाली नाव नव्हतं, फक्त चार आकडा होता. लोक उठून टाळ्या वाजवत होते.

हॅलिफॅक्सचं विचारलंत. त्याबद्दल सवडीने लिहीन.

कामात असलेला,
मेरिल

लुनेनबर्ग, १९ ऑगस्ट २०१९

चि. मेरिल यास,
अ. आ. वि. वि.

तीन पत्रं टाकली, तुझी सवड काही झाली नाही. अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे. डाव्या जबड्याखाली आता दुसरी गाठ लागते. कोबी झोंबतो, नुसतं दूध पितो. बोललेलं लेटाला कळत नाही, म्हणून मी पाटी घेतली आहे. मास्तराच्या हातात पुन्हा पाटी, बघ गंमत. हे सगळं कण काम करतायत म्हणूनच ना? आधी दुखणारच, असं मी लेटाला लिहून दाखवतो. ती तोंड फिरवते.

वाट पाहणारा,
मामा

टोरांटो, २ सप्टेंबर २०१९

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सवड झाली.

तुमच्यावर उपचार झालेला नाही. पहिले सहा जण फक्त बघण्यासाठी होते, कण गाठीत नीट पोचतात की नाही एवढंच. जोरातला दिवा जूनच्या गटापासून लावला. पान नऊ, वरून दुसरी ओळ: या टप्प्यात गाठ जाळली जाणार नाही, ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये.

एप्रिलमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हा उत्तर मला ठाऊक होतं. हॅलिफॅक्सला तुमची जागा आणखी पंधरा दिवस राखलेली होती. आईने तेव्हाच कळवलं होतं. तिलाही मी उत्तर दिलं नाही.

खिडकीचं चित्र तुम्हाला आवडतं. मलाही ते दिसतं. तिसरा दिवस होता. बाबांची बोट बंदरात शिरत होती आणि झेंडा अर्ध्यावर होता. माणूस गेला की आपल्याकडच्या बोटी असाच झेंडा लावून येतात, हे बारा वर्षांच्या पोरालाही कळत होतं. मी म्हटलं, "मामा, बाबांची बोट." तुम्ही बाहेर पाहिलंत. झेंडा पाहिलात. आणि म्हणालात, "शाळेत मामा नाही, सर. आधी कडवं."

मी म्हटलं. एकही चूक न करता म्हटलं. आजही कण तोलताना ते आपोआप ओठांवर येतं. घाटावर पोचलो तोवर बाबांना झाकून नेलं होतं.

आज्ञाधारक विद्यार्थी,
मेरिल निकल

लुनेनबर्ग, १४ सप्टेंबर २०१९

चि. मेरिल यास,
अ. आ. वि. वि.

पान नऊ काढून तीनदा वाचलं. वाक्य सरळ आहे, मोघम काही नाही. तुला कधी दिले नव्हते, ते आज देतो: दहापैकी दहा.

झेंडा मी पाहिला होता. ऑर्विन, तुझा बाप, माझाही दोस्त होता. खिडकीपर्यंत गेलो असतो तर सगळ्या वर्गासमोर रडलो असतो, म्हणून कडवं मागितलं. इतकी वर्षं निळं बंदर तेवढं आठवणीत ठेवलं, झेंडा पुसून टाकला. माफी मागत नाही, मागायला तोंड उरलेलं नाही.

हॅलिफॅक्सवाले म्हणतात, आता कापण्यात अर्थ नाही. कविता पाठ आहेत, पण आवाज फुटत नाही. एकदा येशील? खुर्चीत बसून ते चौथं कडवं मला म्हणून दाखव. उभं राहायला सांगणार नाही.

रागासकट का होईना, ये.
मामा

टोरांटो, २३ सप्टेंबर २०१९

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चौथं कडवं मला येत नाही.

मेरिल