सरदारचं बाथरूम-ट्रेनिंग

३ तारीख
चोरी झाल्यापासून बायको घरात एकटी राहायला तयार नाही. महिनाअखेरपर्यंत सोय करा, नाहीतर मी बहिणीकडे कायमची जाते, म्हणाली. सोय केली. कुत्रा आणला. नाव ठेवलं सरदार. आल्या आल्या सोफ्याखाली शिरला. जागेची पाहणी करत असावा.

५ तारीख
ट्रेनरला भेटलो. म्हणाला, चोराशी गाठ मैदानात पडत नाही, पॅसेजमध्ये नाहीतर जिन्यात पडते, म्हणून अरुंद जागेतही सराव लागतो. पण तो सगळ्यात शेवटी. दार उघडं ठेवायचं, कुत्रा भुंकला की चोर झालेल्याने मागे हटायचं. आणि मालकाने चोर कधीच व्हायचं नाही. फारच पुस्तकी माणूस. मी थेट बाथरूमपासून सुरुवात करणार.

८ तारीख, सकाळी ७
हेल्मेट, रेनकोट, हाताला गुंडाळलेली सतरंजी. आत मी आणि सरदार. दाराला कडी. काठी आपटत पुढे सरकलो. तो बादलीमागे दडला आणि तिथेच फरशी ओली केली. पहिल्या दिवशी एवढा प्रतिसाद म्हणजे चांगलाच. बायको बाहेरून दार बडवत होती. एकाग्रता भंगते.

१२ तारीख
माझ्या पावलांचा आवाज आला की सरदार खाणं टाकून पळतो. सावधपणा वाढलाय.
बायको म्हणाली, चोर आला त्या दिवशी तुम्ही बाथरूममध्ये कडी लावून बसलात, मी त्या माणसासमोर एकटी उभी होते. आता या मुक्या जिवाला कशाला कोंडताय? मी पोलिसांना फोन करायलाच आत गेलो होतो. फोन हॉलमध्ये राहिला, ही गोष्ट वेगळी. दिवसभर जेवण गेलं नाही.

१३ तारीख
उद्यापासून काठी बंद. (आज शेवटची.)

२१ तारीख
परीक्षा. ट्रेनर चोर होऊन पॅसेजमध्ये आला. सरदारने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बायकोच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. मानेवरचे केस ताठ, दात बाहेर, तोंड माझ्याकडे. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि तीन मागे. ट्रेनर म्हणाला, कुत्रा गुणी आहे, धोका बरोबर ओळखतो. हसला मात्र नाही.

२२ तारीख, दुपारी ४
बायको बहिणीकडे जाणार नाही. सरदार असताना आता भीती वाटत नाही, म्हणाली. म्हणजे योजना यशस्वी. फक्त मी काही दिवस भावाकडे राहावं, असं तिचं म्हणणं. कपडे घ्यायला बेडरूमपर्यंत जाता आलं नाही. तिनेच बॅग भरून बाहेर आणून दिली. जिन्यात बसून लिहितोय. रडू येतंय.