अभनपूरचे पाहुणे

११ सप्टेंबर, गुरुवार
सलग अकरावा दिवस – चहात आलं नाही. तीस वर्षं या घरात आल्याचा चहा प्यालो. आता सकाळी कपात गढूळ गोड पाणी येतं आणि सभ्य माणसानं ते मुकाट गिळायचं. राज्यं याहून किरकोळ कारणांवरून बुडाली आहेत. "ताई, आलं संपलं काय?" – उत्तर नाही. आलं टोपलीत आहे. मी स्वतः पाहिलं.

तेव्हा कुठे ध्यानात आलं की ताई बोलतच नाही. सुशीलाताई – माझी थोरली बहीण, बासष्टची, रेल्वेतून निवृत्त, लग्न झालं नाही. रायपूरच्या या घरात आम्ही दोघंच. मी बोलतो, ती ऐकते. त्यामुळे फरक कळायला वेळ लागला.

१३ सप्टेंबर
शेजारच्या विनोदिनीवहिनींना सांगितलं, ताईची वाचा गेली.
"वाचा गेली? सुशीलाताईंची?" त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणे, "हव भाऊजी, दाखवून घ्या. मंडळातल्या त्या नकलेचं तर मनाला लागलं नसेल न?"

मूर्खपणा! दरवर्षी गणपतीत मी मंडळात नकला करतो. यंदा ताईची केली. १९८८ साल, तिला पाहायला अभनपूरचे पाहुणे आले होते. मुलीनं गाऊन दाखवावं. ताईनं आरती धरली, दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, पाहुणे अर्धे पोहे टाकून उठले. मी तेव्हा पंधराचा – बशा मीच नेल्या होत्या, साक्षीदार आहे. स्टेजवर तिचेच रोजच्या आरतीचे टाळ घेतले (न विचारता, घरचेच तर आहेत), तिच्याच फाटक्या आवाजात म्हटलं आणि वर जोडलं, "पोरगी राहू द्या, पोह्यांची कृती द्या."
तीनशे माणसं लोळली. ताई तिसऱ्या रांगेत होती. हसली. मी पाहिलं.

१६ सप्टेंबर
मेंदूच्या डॉक्टरकडे. "अम्मा, क्या तकलीफ है?" मी सांगितलं. "कब से?" मी सांगितलं. "भूख लगती है?" तेही मीच. शेवटी तो म्हणाला, "अम्मा, जुबान बाहर." ताईनं काढली – चांगली लांब, आणि तोंड माझ्याकडे.
एमआरआय लिहून दिला.

१८ सप्टेंबर
एमआरआयसाठी नवा रायपूर. सहा पदरी रस्ता, त्यावर आम्ही आणि एक गाय. पाऊण तास मीच बोललो.
यंत्राजवळ धातू चालत नाही. केसांचे काटे, बांगड्या, चष्मा माझ्या ओंजळीत. नाकातली चमकी निघेना, ती मोनाली नावाच्या तंत्रज्ञ पोरीनं आत नेऊन काढली. बाहेर बसून ऐकलं – आत कुणी पत्रे बडवतंय असा आवाज. आतल्या बाईचं काय होत असेल? काही नाही. ताईला सवय आहे.

१९ सप्टेंबर
रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरून पेनानं दाखवलं, "ये बोलने वाला हिस्सा. एकदम बढ़िया."
"तर मग बोलत काहून नाही?"
"वो इसमें नहीं आता, भाईसाहब."
वा. एवढं यंत्र, कवटीच्या आरपार पाहतं, आणि नेमकं तेवढंच येत नाही.

घरी खिडकीशी फिल्म धरली. चोवीस चौकटी, सगळ्यांत अक्रोडाचा गर. त्या घड्यांत कुठेतरी अभनपूरचे पाहुणे अजून पोहे खाऊन राहिले असतील, दारात बशा घेतलेला एक पोट्टा उभा असेल. एकेक चौकट पाहिली. कुणी दिसलं नाही. ताई मागून गेली, दिवा लावला, ओठ मिटून हात जोडले.
टाळ नव्हते. ते मंडळातच राहिलेत.

२० सप्टेंबर
एमआरआयवाल्यांचा फोन आला – चमकी तिथेच राहिली. आणायला एकटाच गेलो. मोनालीनं कागदाची पुडी हातात ठेवली. "दीदी कैसी हैं? कितनी मज़ेदार बातें करती हैं."
म्हटलं, ती बोलत नाही. तिला वाटलं मी गंमत करतो.
"अरे, चमकी निकालते पूरे टाइम बोलीं. मैंने कहा, आधा घंटा लगेगा, बहुत शोर होगा, डर तो नहीं लगेगा? बोलीं, लगने दे जितना टाइम लगता है बेटा. शोर है तो क्या, भाई की आवाज़ तो नहीं आएगी."
हसून सांगितलं तिनं. मीही हसलो. तिनं पाहिलं.

परत येताना गाडीत पाऊण तास कुणीच बोललं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार
मंडळात जाऊन पेटी उघडवली. टाळ खोट्या दाढ्यांखाली होते. घरी चिंचेनं घासले, दोरी नवी ओवली. ताई भाजी निवडत होती. देवापुढे ठेवले, शेजारी चमकीची पुडी. काहीतरी म्हणणार होतो.
म्हटलं नाही.