भुरीबाई मुंगवडेवाली हयात आहे

मी, भुरीबाई बेवा रूपसिंग आडे, वय वर्षे ६४, धंदा मुंगवड्याची हातगाडी, राहणार लोहारा, यवतमाळ, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाला सांगून लिहून घेत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी जिवंत आहे याचाही आता पुरावा लागतो, म्हणून.

कलम १. माझे पती रूपसिंग यांनी नेरकडच्या आमच्या बंजारा तांड्यातून मला लोहाऱ्याला आणले. कारखान्यात हमाली करता करता ते वारले, तेव्हा उज्ज्वला नऊ वर्षांची आणि सुनील सहा वर्षांचा होता. मी औद्योगिक वसाहतीच्या फाटकाजवळ गाडी लावली. बत्तीस वर्षे झाली, आजही तिथेच लावते. मूग जाडसर वाटायचा, त्यात लसूण, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि सोबत गरम कढी. यापेक्षा जास्त काही मला येत नाही.

कलम २. दिवाळीनंतर नसरीनने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. ती माझ्या शेजारी चहाची टपरी चालवते. यवतमाळात चांगलं खायला कुठं मिळते, ते एक पोरगा त्यात दाखवत होता. पहिलंच दुकान आमच्या सुनीलचं, मुंगवड्याचं. पाटीवर माझे नाव, भिंतीवर माझा फोटो, फोटोला हार. सुनील हात जोडून म्हणत होता, "आई गेली, पण तिच्या हाताची चव आम्ही जपली."

नसरीन म्हणाली, "भुरीबाई, हा काय बोलून राह्यला?"

दुसऱ्या दिवशी गाडी बंद ठेवून मी त्या दुकानात गेले आणि त्या फोटोखालीच बसले. सुनील गल्ल्यावरून उठून आला. आमच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात, तोही मला तेच म्हणतो. पण दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले होते. तो म्हणाला, "मावशी, काय देऊ?"

मी म्हटलं, "मुंगवडा."

मुगात अर्धे बेसन होते. तरी प्लेट पुसून खाल्ली, अन्न टाकायची मला सवय नाही. मग मला मागच्या दाराशी नेऊन तो हळूच बोलला, "याडी, धंद्यात असं सांगा लागते. गेलेल्या माणसाच्या हातचं लोकायले गोड लागते."

"मंग मले खरंच कधी मरायचं, ते बी सांगून दे."

त्याने माझ्या हातात पार्सल दिले आणि दार लावून घेतले.

कलम ३. लोहाऱ्याच्या दोन खोल्या उज्ज्वलाला. सुनीलच्या शिक्षणासाठी मी तिला नववीतून काढले, कारण डाळ वाटायला हात पाहिजे होता. ती आजवर एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. पाटा-वरवंटा तिला देत नाही. तिने पुष्कळ वाटले.

कलम ४. गाडी, कढई, झारा, पाटा-वरवंटा आणि फाटकाजवळची जागा नसरीनला. मला डेंग्यू झाला तेव्हा महिनाभर माझी जागा दुसऱ्याने घेऊ नये म्हणून ती रोज पहाटे माझी रिकामी गाडी ढकलत नेऊन उभी करायची. सुनील तेव्हा दुकानाच्या फरशा निवडत होता.

कलम ५. माझे नाव वापरायला सुनीलला मी परवानगी दिलेली नाही. पाटी उतरवून घेण्याचा हक्क उज्ज्वलाचा. माझ्या चितेला अग्नीही तिनेच द्यावा. तांड्याच्या नाईकाने, म्हणजे प्रमुखाने, हरकत घेतली तर त्याला हे कलम वाचून दाखवावे.

कलम ६. सुनीलला काहीही नाही. रागात सांगत नाही. राग होता तेव्हा अर्जनवीसाकडे आलेच नाही, चार महिने थांबले.

कलम ७. वारसांची नावे लिहिताना अर्जनवीस म्हणाले, "पोराले काही देतच नाही, तर कायले लिहू? मयत लिहून टाकू, झंझट नाही."

मी म्हटलं, "नाही साहेब. हयात लिहा. मले पोटच्या पोराले मारता येत नाही."

वारस: १. उज्ज्वला, मुलगी, हयात. २. सुनील, मुलगा, हयात.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे.

सही: भुरीबाई रूपसिंग आडे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. जलाल शेख, पंक्चर दुकान, लोहारा
२. देवीलाल चव्हाण, चौकीदार, औद्योगिक वसाहत

ठिकाण: यवतमाळ
दिनांक: १२ मार्च २०२५