डावीकडची खुर्ची

दि. ९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुमच्या आईचा गुडघा आता कसा आहे? दुकान सकाळी उघडतो, दुपारी बंद ठेवतो. तुमच्या काज-बटणाच्या सुया वेगळ्या डबीत घातल्या आहेत, गंज लागू दिलेला नाही.

दुपारी बंद ठेवतो, कारण दादाला इस्पितळात न्यावं लागतं. तिथे नवीन उपचार सुरू केला आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही उचलत नाही, आणि तोंडी सांगताना माझा गोंधळ उडाला असता. घाबरू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्ट्याने डोक्याला बांधतात आणि त्यांतून अगदी थोडी वीज सोडतात. चिरफाड नाही, सुई नाही. दादा म्हणतो, मुंग्या चालल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी वायर कुठे जाते ते बघायला मी मशीनच्या मागे गेलो, तर थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "बॅटरीवर चालतं हो. भावाच्या आधी तुम्हालाच बांधायला हवं." डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की ही जादू नाही, सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि सोबत व्यायाम हवाच.

व्यायाम म्हणजे, बाईंनी ताटलीत बटणं पसरली आणि सगळी उचलायला सांगितली. दादाने उजवीकडची उचलली आणि झाली म्हणून मोकळा झाला. मग कागदावर सदऱ्याचं चित्र काढायला सांगितलं. त्याने कॉलर, खांदा, सगळं मापात रेखलं, पण बाही एकच, उजव्या बाजूची. गिऱ्हाईक एका हाताचं आहे का, असं बाईंनी विचारलं तर चिडला. म्हणाला, "दोन्ही काढल्यात की."

वहिनी, तेव्हा मला कळलं. अर्धांगाच्या झटक्याने त्याचे डोळे गेले नाहीत, पण डावी बाजू त्याच्यासाठी उरलीच नाही. बाई म्हणाल्या, डोळे बघतात, मेंदू तिकडे लक्ष देत नाही. आणि तुम्ही दुकानात काज करायला त्याच्या डावीकडे बसायचा, तशाच घरीही बसलात. तुम्ही विचारायचा आणि तो उजवीकडे वळून मला उत्तर द्यायचा. ताटातलं अर्धं तसंच राहायचं, तर तुम्हाला वाटलं, तुमच्या हातचं नकोसं झालंय. दादाचा नाकावरचा राग आपल्याला ठाऊक, त्यामुळे सगळ्यांनी तो रागच धरला. "असून नसल्यासारखी, तर नसलेलीच बरी," असं म्हणून तुम्ही बॅग भरलीत.

परवा मी त्याचं ताट अर्धं फिरवलं. त्याने राहिलेलंही संपवलं, वर मलाच म्हणाला, "हे आधी का नाही वाढलंस?"

आता गुण येतो आहे. डावा हात अजून जड आहे, पण तिकडची बटणं सापडू लागली आहेत. काल रेखलेल्या सदऱ्याला दुसरी बाही होती. आखूड, पण होती. बाईंनी तो कागद भिंतीवर लावला.

इथवर आनंदाचं लिहिलं. एक गोष्ट पहिल्या ओळीपासून टाळतो आहे. तुम्ही गेलात हे दादाला माहीत नाही. त्याच्या लेखी तुम्ही डावीकडे बसलेल्याच आहात, रुसून गप्प. काल चहा पिताना तो मला हळूच म्हणाला, "अजून बोलत नाही रे ती. तूच विचारून बघ, काय चुकलं माझं."

मी कप विसळायला आत गेलो.

त्याची मान रोज थोडी जास्त वळते. काल खिडकीच्या चौकटीपर्यंत आली. चौकटीच्या पलीकडे तुमची रिकामी खुर्ची. तो वळावा म्हणून मी त्याला रोज घेऊन जातो, आणि घरी आलो की तो वळू नये म्हणून उजवीकडून त्याच्याशी बोलत राहतो.

बाई म्हणतात, डावीकडे त्याला ओढ लागेल असं काहीतरी ठेवा, रेडिओ म्हणा, घड्याळ म्हणा. मी काही ठेवलेलं नाही. तुम्ही आलात तरी तो लगेच बघेल असं वचन मला देता येत नाही. सुरुवातीला कदाचित उत्तरं मलाच देईल. पण आता कारण तुम्हाला माहीत आहे. मी तुमच्याकडे बोट दाखवत जाईन.

खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता, तो ठोकून घेतला आहे.

तुमचा,
दादाच्या उजवीकडे बसणारा
धाकटा दीर