जीएत भिजलेल्या काड्या

१५ डिसेंबर, सोमवार

आज गुलाबाची एक काडी उपटून पाहिली. खालचं टोक गुळगुळीत, मुळाचा पत्ता नाही. गंगापूर रोडचं माहेरचं घर पाडलं, त्यात आईचा गुलाब गेला. त्याच्या या शेवटच्या काड्या. मी मुळं फुटायची पावडर लावून खोचल्या होत्या. आणि सायखेड्याच्या दिरांनी, मला न विचारता, द्राक्षाचे घड बुडवून उरलेलं जीए, ते मणी फुगवायचं औषध, त्यांच्यावर ओतलं!

आज जाब विचारला तर म्हणतात, "वहिनी, हार्मोन ते हार्मोन. आमचे मणी बघा कसे फुगतात!"

"भाऊजी, मला मणी नकोत, मुळं हवीत. पेशींना 'मूळ व्हा' म्हणून सांगणारं हार्मोन वेगळं. तुमचं जीए त्यांना अडवतं."

"बागायतदाराला शिकवता होय?" म्हणून हसले. वर चहा मीच केला!

काड्यांना हिरवे कोंब आलेत. शेजारीण कौतुक करून गेली. तिला ते गुळगुळीत टोक दाखवायचं का? काडीतला अन्नसाठा संपला की कोंब सुकणार. तरी उपटलेली काडी परत मातीत खोचली. का? आईची होती म्हणून. उद्याही पाणी घालीन, बहुतेक रागानेच.