कोलारवरचं धुकं

प्रिय मयुरा,

फोटो कसा आला, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा बोलणं जिवावर आलं होतं, म्हणून आज लिहितो आहे.

तुझा जितेंद्रकाका या महिन्यात कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त होतोय. सारी नोकरी बॉयलरपाशी गेली त्याची. यंदा पौषात अवेळी पाऊस झाला, कोलार नदी हरभऱ्याच्या वावरांत पसरली आणि त्या पाण्यात केंद्राच्या चिमण्या उलट्या उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "हा फोटो मले पाहिजे. घरी लावतो." पाणी उतरायच्या आत काढायला हवा होता.

सकाळी देवीला हात जोडून बांधावर कॅमेरा लावला. समोर दाट धुकं. चिमण्या जेमतेम कळत होत्या. अंदाज घ्यायला दोन-चार फोटो काढले आणि धुकं निघायची वाट बघत बसलो. हल्ली बसलं की उठावंसं वाटत नाही. पाण्यात गेलेली मोटर काढायला लहानू आला होता, त्याचंच वावर ते. म्हणाला, "काय गा दादा, कोणाची वाट पाहून राहिला?" धुकं जायची, म्हणालो. तो हसायलाच लागला. "धुकं कवाचंच गेलं! ऊन पाठ भाजून राहिलं, अन् तू स्वेटर घालून बसला!"

खरंच, पाठ तापली होती. मी लेन्स पुसली. मग चष्मा पुसला. मग गुपचूप सामान आवरलं.

फोटो वाया गेले असं समजूनच ते जितेंद्रला दाखवले. तो कितीतरी वेळ बघत राहिला. पाण्यातल्या चिमणीवरचे लाल-पांढरे पट्टेसुद्धा त्यानं बोट ठेवून मला दाखवले. त्याच्या बोटाखाली मला धुकंच दिसत होतं.

एक गोष्ट तुझ्या आईलाही बोललो नाही. दिवाळीपासून देवापुढच्या दिव्याभोवती मला रंगीत कडं दिसतं. मी ती कृपा समजत होतो. सांगितलं की जाईल, असं वाटायचं. आता धंतोलीतल्या दवाखान्यात डोळे दाखवायला जायचं आहे. लग्नांचे फोटो काढायच्या तारखा घेतल्यात. त्या ठेवायच्या की सोडायच्या, हे एकदा कळू दे. एकट्याला धीर होत नाही. तू ये. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावतील, तेव्हा जवळ उभी राहा. पण मी अडलो तर सुचवू नकोस.

आत्ताच दिवा लावला. कडं होतंच. तरी हात जोडले.

तुझाच,
बाबा