टेस्टनेटवरचा नेम

३ जून

...आणि म्हणूनच म्हणतो, चूक माझी नव्हती, उधारीवर वीसपट लावलं एवढंच! सातवं खातं शून्य. पण टेन्शन नाही — क्रिप्टो ट्रेडिंगचं टेस्टनेट आहे. भाव खऱ्यासारखे, चार्ट खऱ्यासारखा, कॉइन तेवढे खोटे. सरावासाठीच असतं ते. रिकामं झालं की बटण दाबायचं, परत भरतं. दाबलं. आठवं खातं सुरू!

शिवांजली मागून बघत होती. "दादा, हे बटण खऱ्यात पण असतं का?"

गप म्हटलं तिला.

११ जून

चार लाखांचे नऊ!! लय भारी वाटतंय.

आप्पांना दाखवलं. कुपवाडला कारखान्याच्या गेटवर ड्युटी करून आलेले, गळ्यात अजून शिट्टी. आधीच सांगितलं — हे सरावाचं आहे, पैसे खोटे आहेत.

"कळतंय रं. रेंज फायरिंग." सतरा वर्षं फौजेत काढलीत, त्यांना सगळं तिथलंच आठवतं. "पुठ्ठ्यावर नेम बसला की गडी बॉर्डरला जायला फिट."

पाठ थोपटली माझी. माझ्या दहावीनंतर पहिल्यांदाच. आधीची सात खाती सांगायची राहिली. राहिली म्हणजे — नाही सांगितली.

१४ जून

जेवताना आप्पा आईला म्हणाले, "जयराज मार्क्समन हाय आपला, पक्का नेमबाज." आई म्हणाली, "आधी भाजी घ्या."

१९ जून

आप्पांनी एफडी मोडली! शिवांजलीच्या नर्सिंगच्या फीची. मला विचारलं पण नाही. पैसे सरळ माझ्या बँकेत. "जुलैअखेर फी भरायची. तवर दुप्पट कर, होस्टेलचंबी निघंल."



२० जून

सांगितलं. सकाळी, ते बूट पॉलिश करत होते तेव्हा. सगळं सांगितलं. सात वेळा बुडालो, तुम्हाला फक्त आठवं दाखवलं.

ते हसले! ब्रश थांबला पण नाही.

"आरं, मी पयल्या डावात पास झालतो व्हय? चारदा फेल. परत गोळ्या मिळायच्या, परत पोटावर झोपायचं, परत फायर. उस्तादानं वहीत काय लिवलं? पास! फेल कोण लिवतंय?"

"पण आप्पा, इथं परत गोळ्या मिळत नाहीत."

"म्हणून तर सराव केलास न्हवं?"

मी मान खाली घालून त्यांचा दुसरा बूट पुसायला घेतला. मी लाजतोय असं वाटलं त्यांना.

शिवांजली दारात उभी होती. सगळं ऐकलं तिनं. नुसती आत निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२३ जून

आज नाही. उद्या.

२५ जून

सुरू केलं. खऱ्या पैशांनी. पहिलं बटण दाबताना डोळे मिटले होते, खरंच.

३ जुलै

एकतीस हजार फायदा. कसा झाला मलाच माहीत नाही — नुसता अंदाजाने दाबत होतो! फी काढून ठेवू म्हटलं तर आप्पा म्हणाले, "भर लढाईत माघार?" आज त्यांनी गेटची नोकरी सोडली. वडूजला नाथाजीकाकांना फोन करून सांगत होते, "तुजीबी एफडी मोड, पोरगं हाय की आपलं."

बुडालो असतो तर थांबले तरी असते. आता तूच सांग, डायरी — जिंकत असलेल्या माणसाचं 'मला येत नाही' हे कोण ऐकणार?